गोनारिओला गुर्द्यातलं कळतं

आमच्या सार्डिनियाच्या डोंगरात कोकराची पारख करायची ती गोनारिओनेच, हा जुना रिवाज. ईस्टरच्या आधी किनाऱ्याकडचे व्यापारी गाड्या घेऊन वर यायचे. एकेक असला बेरकी, की सख्ख्या आईलाही वजनात मारील. पण कापलेली कोकरं अंगणात टांगली की भाव बोलण्याआधी तेसुद्धा गोनारिओकडे बघायचे. तो हात पुसत पुढे व्हायचा, कोकराचं पोट दोन बोटांनी फाकवायचा आणि आत डोकवायचा. मांडी बघणं नाही, पाठ चाचपणं नाही, थेट गुर्दे, म्हणजे मूत्रपिंडं. पांढऱ्या चरबीत ते मोठे, टपोरे बसलेले दिसले की म्हणायचा, "हे पोटभर दूध प्यायलंय. डोळे मिटून घ्या." बारके, सुकलेले असले की हळूच म्हणायचा, "बिचाऱ्याला आईनं जवळ केलं नाही."

आणि खरंच तसं निघायचं हो! मेंढी कुठली, तिनं किती दूध दिलं, पिल्लू कुठल्या कुरणावर वाढलं, सगळं तो त्या दोन गुर्द्यांवरून सांगायचा. गावात कुणी फार शहाणपणा करायला लागला तर लोक म्हणायचे, "गप रे, तुला काय गोनारिओसारखं आतलं कळतं?" अशी त्याची कीर्ती. बाकी माणूस गरीब, अबोल, उन्हानं रापलेला. बायको पास्का गेल्यापासून तर हसणं म्हणजे काय हेच तो विसरला होता. तेव्हा त्यांची लेक रिमेदिया चार वर्षांची होती. गोनारिओची थोरली बहीण अंतोनिका, विधवा, मूलबाळ नाही, ती भावाचं घर सांभाळायला म्हणून आली ती तिथलीच झाली.

पोर आठ वर्षांची झाली आणि घटाघटा पाणी प्यायला लागली. अंथरूण ओलं व्हायला लागलं. अंतोनिका आत्या आधी रागावली, मग पोरीची हाडं दिसायला लागली तशी घाबरली. खाली नुओरो शहरात नेलं तर रक्तातली साखर आभाळाला भिडलेली. आमच्या सार्डिनिया बेटाच्या कपाळी हे का लिहिलंय देव जाणे, पण दर गावात चारदोन पोरं इन्सुलिनवर असतातच. शाळेत बाईंच्या कपाटात खडूंशेजारी त्यांच्यासाठी फळांचा रस ठेवलेला असतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. आपल्या घरात आलं की मात्र वाटतं.

आयुष्यभर मेंढ्यांना सुया टोचलेला गोनारिओ, पण त्या दिवशी त्याच्या हातून सुई खाली पडली.

"बाबा, मी मेंढी आहे असं समजा ना," पोर म्हणाली.

"मेंढी लाथ मारते."

"मग मीपण मारीन की!"

टोचलं त्यानं. आणि बाहेर गोठ्यात जाऊन रडून आला. आत्यानं ते पाहिलं.

पोर मोठी झाली ती आत्याच्या हाताखाली. अंतोनिका लग्नाचे पाव करायची. हे पाव खायचे नसतात. कणीक तासन् तास मळायची, मग बारीक कात्रीनं तिच्यात पाखरं, डाळिंबं, द्राक्षांचे घोस कापायचे, वरून तुकतुकी आणायची आणि नवरानवरीनं ते जन्मभर भिंतीवर मिरवायचे. रिमेदियाचा हात असा बसला, की सोळाव्या वर्षी तिची पाखरं बघून आत्याच म्हणाली, "माझी पाखरं बसलेली असतात गं. तुझी आत्ता उडतील." तीन तीन गावांतून मागणी यायची. पोरगी हसरी, फटकळ, कात्री कानामागे खोचून फिरायची. पोटात सुई टोचून घ्यायची तीसुद्धा गाणं म्हणत.

सतराव्या वर्षी काल्यारीच्या मोठ्या इस्पितळातून फोन आला. लहानपणापासून मधुमेह असलेल्या तरुण पोरापोरींच्या किडन्यांची चित्रं काढतायत, एमआरआयवर, सुई नाही, कापाकापी नाही, रिमेदिया येईल का? गोनारिओनं सणाचा कॉर्डरॉयचा सूट चढवला, काखेत घरच्या चीजचा गोल घेतला आणि पोरीला घेऊन निघाला. आमच्याकडे डॉक्टरकडे रिकाम्या हाती जात नाहीत.

तिथल्या डॉक्टर मुर्जाबाई. बाई तरुण, बोलणं भरभर. चीज बघून हसल्या. "गोनारिओकाका, हे तुम्ही मला देताय, आणि मी आता तुमच्या लेकीला हेच कमी खा म्हणून सांगणार आहे. केवढं मीठ असतं यात!"

"मीठ नसेल तर ते चीज कसलं, दही झालं की," गोनारिओ म्हणाला. बाईंनी गोल घेतला, बाजूला ठेवला.

रिमेदियाला त्या बोगद्यासारख्या यंत्रात आडवी सारली. श्वास धर, सोड, धर, सोड, असं चाललेलं. आतून घणाचे घाव घातल्यासारखा आवाज. गोनारिओ काचेमागे उभा, टोपी हातात चुरगाळत. आणि एकदम समोरच्या पडद्यावर करड्या रंगात काहीतरी उमटलं. बाई सांगायच्या आतच तो ओरडला, "अहो, हे तर गुर्दे!"

"बरोब्बर," बाई म्हणाल्या.

गोनारिओ काचेला नाक लावून उभा राहिला. जन्मभर तो हा आकार बघत आला होता, पण बघायचं म्हणजे आधी जीव घ्यावा लागे. इथे त्याची लेक जिवंत, आत श्वास धरून पडलेली, आणि तिचे गुर्दे समोर. रक्ताचा थेंब सांडला नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. केवढे मोठे होते ते! गुबगुबीत, भरलेले.

मग बाईंनी दोघांना समोर बसवलं. म्हणाल्या, "रक्त स्वच्छ आहे. लघवीही स्वच्छ. पण हे बघा, हिच्या वयाच्या मानानं किडन्या मोठ्या आहेत."

बस्स! तेवढंच गोनारिओच्या कानात शिरलं. पुढे बाई बरंच बोलल्या. दोन गड्यांनी चार गड्यांचं काम ओढलं की अंग सुजतं, तसं हे मोठेपण आहे म्हणाल्या. दुसऱ्या चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, इथे आत प्राणवायू कमी पडतोय, काम जास्त आणि श्वास कमी. लघवीत दिसायला लागतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो, म्हणून तर आत्ताच चित्र काढायचं, आत्ता काही करता येतं. साखर काटेकोर ठेवा, मीठ तोडा, रक्तदाबावर लक्ष ठेवा, सहा महिन्यांनी परत या, तेव्हा गरज वाटली तर एक लहानशी गोळी सुरू करू. सगळं सगळं सांगितलं बाईंनी, त्यांच्यावर बोल ठेवायला जागा नाही. गोनारिओ मान डोलवत होता. पण मान डोलावणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

जिन्यात येताच त्यानं पोरीचे दोन्ही खांदे धरले. "ऐकलंस ना? मोठे आहेत! म्हणजे काय कळलं का तुला? तू पोसलेली आहेस, रिमे. आईवाचून वाढलीस, सुया खाऊन वाढलीस, पण आतून भरलेली आहेस. मी इतकी वर्षं उगीच जीव टांगणीला लावला!" आणि तो हसला. तोंड भरून, दात दिसतील असा हसला.

रिमेदिया त्याच्याकडे बघत राहिली. तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाली, "चला बाबा, गाडी चुकेल."

त्या ईस्टरला गोनारिओनं असा बेत केला की विचारू नका. तीन कोकरं आगीवर चढली. रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाताला धरून आत ओढलं. आणि आमच्याकडे कुणी पेला पुढे केला की नाही म्हणणं म्हणजे थोबाडीत मारणं, तेव्हा दुपारपर्यंत सगळ्यांच्याच जिभा सैल सुटल्या. त्याच्या घरची रीत होती, सळईवर भाजलेले गुर्दे पंगतीतल्या मानाच्या माणसाला द्यायचे. ते त्यानं रिमेदियाच्या ताटात वाढले आणि उभा राहून म्हणाला, "मोठ्या इस्पितळात बघितलंय लोकहो, यंत्रानं! माझ्या लेकीचे गुर्दे वयापेक्षा मोठे आहेत!"

"मग काय भाव लावणार?" दारूच्या दुकानाचा मालक बुस्तियानु ओरडला. गोनारिओचा हा लंगोटीयार.

"तुझं दुकान, तुझी गाडी आणि वर तू स्वतः मोफत, तरी देणार नाही!"

लोक पोट धरून हसले. अंतोनिका मात्र ताडकन उठली. "देव राखो म्हण! म्हण आधी देव राखो! असं उघड्या तोंडानं लेकराचं कौतुक करतात का रे? दृष्ट लागेल ना पोरीला, गाढवा!"

"देव राखो, देव राखो," गोनारिओ हसत म्हणाला. रिमेदियानं ताटातले गुर्दे खाल्ले. बाप बघत होता ना.

सहा महिन्यांनी फोन आला. गोनारिओ अदबीनं "हो बाई, येतो की" म्हणाला आणि फोन ठेवून पोरीला म्हणाला, "तीच ती. परत चित्र काढायचंय म्हणे. चांगल्या गुर्द्यांची कितीदा चित्रं काढतात? माझ्या मेंढ्या सोडून दिवस घालवायचा?"

"राहू द्या," रिमेदिया म्हणाली. "मलाही खालच्या गावच्या लग्नाचे पाव द्यायचेत."

पुन्हा फोन आला, पुन्हा "येतो." मग पोर अठराची झाली, फोन तिच्याच नावानं यायला लागले, तीही "येते" म्हणायची. नुओरोहून इन्सुलिन आणायची, तिथे कधीमधी लघवी तपासायचे, ती स्वच्छ निघायची. घरी खारवलेलं चीज, सॉसेज, ऑलिव्ह नेहमीसारखं. काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं! पण हा रोग दुखत नाही. वर्षं गेली, पाखरं कापून कापून लग्नाघरी गेली.

सव्विसाव्या वर्षी आत्याला दिसलं, की सकाळी पोरीचा चेहरा फुगलेला असतो. भट्टीची धग म्हणून सोडून दिलं. मग पाय सुजायला लागले. भट्टीपाशी उभी राहते म्हणून, असं ठरलं. मग एक दिवस रिमेदियानं कात्री खाली ठेवली. बोटं कड्यांत जाईनात. आत्यानं तिची बोटं हातात घेतली, दाबली, तर खळगा पडला आणि तसाच राहिला. कणकेत पडतो तसा.

"चल," आत्या म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

नुओरोच्या इस्पितळानं काल्यारीला पाठवलं. मुर्जाबाईंचे केस पांढरे व्हायला लागले होते, पण त्यांनी गोनारिओला ओळखलं. या वेळी त्यानं चीज आणलं नव्हतं. बाईंनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. एक सतराव्या वर्षाचं, एक आजचं. आजचे गुर्दे लहान होते. आवळलेले, कडा खडबडीत.

गोनारिओला कुणी सांगायची गरज नव्हती. असले गुर्दे त्यानं शेकडो बघितले होते, त्यांच्यासाठी त्याचं एक वाक्यही ठरलेलं होतं. तो जुन्या चित्राकडे बोट दाखवून एवढंच म्हणाला, "पण हे मोठे होते. तुम्हीच म्हणालात मोठे आहेत."

बाईंनी खुर्ची त्याच्याजवळ ओढून सगळं पुन्हा सांगितलं, दोन गड्यांचं, चार गड्यांच्या कामाचं, सुजण्याचं. या वेळी गोनारिओनं मान डोलावली नाही. ऐकलं.

"तेव्हा आलो असतो तर?"

"नक्की सांगता येत नाही, काका. कुणालाच येत नाही. पण बरीच वर्षं हातात आली असती."

गावात आल्यावर अंतोनिकानं देवापुढे मेणबत्त्या लावल्या, पाण्यात गहू टाकून दृष्ट काढली. "तुला सांगत होते, देव राखो म्हण," एवढं भावाला म्हणाली आणि डोईच्या रुमालात तोंड घालून रडली. दृष्टच लागली असती तर किती बरं झालं असतं, असं गोनारिओला वाटलं. दृष्ट दुसऱ्याची असते.

तिशीच्या आत पोर डायलिसिसच्या यंत्रावर गेली. एक दिवसाआड नुओरो, चार चार तास रक्त बाहेर, रक्त आत. नेणं आणणं गोनारिओचं. अर्धा कळप विकला, उरलेला पुतण्याला सांभाळायला दिला. आणि एके दिवशी तोच सूट घालून मुर्जाबाईंपुढे जाऊन उभा राहिला. "माझा एक काढून हिला द्या. कोकराचे दोन्ही काढताना मी कधी मागेपुढे बघितलं नाही, माझा काढताना तुम्ही बघू नका."

त्याचीही चित्रं काढली. आता तो बोगद्यात आणि रिमेदिया काचेमागे. श्वास धरा, सोडा. त्याच्या आयुष्यात त्यानं देवाकडे काही मागितलं नव्हतं, त्या दिवशी आत पडल्या पडल्या मागितलं. पण सगळ्या तपासण्या हातात आल्यावर बाईंनी मान हलवली. वर्षानुवर्षं चढा रक्तदाब, कधी कुणी मोजलाच नव्हता. त्यानं त्याच्याही किडन्या आक्रसल्या होत्या. त्याला स्वतःलाच पुरतील तेवढ्या. द्यायला नाहीत.

परत येताना डोंगराच्या वळणावर, पाण्याच्या टाकीपाशी, त्यानं गाडी कडेला घेतली. स्टिअरिंग धरूनच बसला.

"रिमे, मला कळलं नाही गं. जन्मभर गुर्दे बघितले आणि माझ्या पोरीचे कळले नाहीत. मी तुला मारलं."

"बाबा, असं बोलू नका."

"खरं तेच बोलतो."

रिमेदियानं आपले सुजलेले हात मांडीवर ठेवले होते. त्यांच्याकडेच बघत ती म्हणाली, "मला कळलं होतं."

"काय?"

"सगळं. तिथेच, त्या खोलीत. दोन गडी, चार गड्यांचं काम. मी शाळेत जात होते बाबा, मला कसं कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस? माझ्या थोबाडीत का नाही मारलीस?"

"जिन्यात बोलणार होते. तोंड उघडलंसुद्धा. पण तुम्ही हसलात. आई गेल्यापासून मी तुम्हाला तसं हसताना बघितलंच नव्हतं. म्हटलं, ईस्टर होऊ दे, मग सांगीन. मग ईस्टरला तुम्ही सगळ्या गावापुढे सांगितलंत, आता तुम्हाला खोटं कसं पाडू? म्हटलं, मेंढ्यांची कातरणी होऊ दे. आणि नंतर नंतर ना बाबा, मलाच ते खरं वाटायला लागलं. गोनारिओला गुर्द्यातलं कळतं, म्हणतात ना सगळे. मला वाटलं, बाई चुकल्या असतील. माझा बाप कधी चुकत नाही."

गोनारिओनं तिचं डोकं छातीशी धरलं, लहानपणी टोचून झाल्यावर धरायचा तसं. दोघंही रडली. मागून एक मेंढपाळ कळप घेऊन येत होता, त्यानं गाडी ओळखली, हाक मारली नाही, मेंढ्या बाजूनं नेल्या.

रिमेदियाचं नाव आता परक्या किडनीची वाट बघणाऱ्यांच्या यादीत आहे. फोन कधी येईल, येईल की नाही, कुणाला ठाऊक. यंत्रावरून आली की ती दिवसभर पडून असते. दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं की आत्यापाशी बसते आणि सांगते, "पंख जरा वर घे आत्या, अजून वर." अंतोनिका म्हातारी झालीये, हात कापतो, पण पोरीच्या सांगण्यावरून कापते.

या ईस्टरला व्यापारी वर आले. कोकरं टांगलेली होती. गोनारिओ अंगणाच्या कडेला दगडावर बसला होता, पोरीला न्यायची वेळ व्हायची होती. किनाऱ्याकडचा एक जुना व्यापारी त्याला बघून खूश झाला. त्यानं एका कोकराचं पोट स्वतःच उघडून धरलं. आत पांढऱ्या चरबीत दोन मोठे, टपोरे गुर्दे चमकत होते.

"गोनारिओकाका, या ना! जरा बघून सांगा, कसं काय आहे?"

सगळे थांबले. बुस्तियानुनं व्यापाऱ्याची बाही ओढली, पण तो बिचारा परगावचा, त्याला काय माहीत. गोनारिओ उठला, सवयीनं हात पुसले, जवळ गेला. आत बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं.

"मला त्यातलं काही कळत नाही," तो म्हणाला, आणि गाडीची किल्ली शोधत पोरीला हाक मारायला गेला.